मुंग्या आणणारा मासा

आमच्या कोल्हापुरात निवडणूक जवळ आली की सुरुंग लागायला सुरुवात होते. कागलात सुरुंग, करवीरमध्ये सुरुंग, आणि दूध संघाची निवडणूक असली तर सुरुंगाशिवाय बातमीच होत नाही. कुणाच्या तरी बालेकिल्ल्याला कुणीतरी सुरुंग लावतो, पेपरात मथळा येतो, चहाच्या टपरीवर तो मोठ्यानं वाचला जातो. प्रत्यक्षात कुठं दगडसुद्धा हललेला नसतो. आदल्या रात्री दोन-तीन सरपंच एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसलेले असतात, इतकंच.

हीच बातमी इंग्रजी पेपरात गेली की तिथं टॉर्पेडो लागतो. करार टॉर्पेडो होतो, युतीची बोलणी टॉर्पेडो होतात. मराठीत टॉर्पेडोला 'पाणतीर' असा चांगला घडीव प्रतिशब्द आहे, पाणबुडी आणि पाणसुरुंगाच्या पंगतीत शोभणारा. पण कुणी कुणाच्या युतीवर पाणतीर सोडल्याचं मी अजून वाचलेलं नाही. वरवर बघितलं तर हा भूगोलाचा फरक. ते दर्यावर्दी लोक, आपण गडकोटांची माणसं. त्यांचा घात पाण्यातून व्हायचा, आपला बुरुजाखालून. पण टॉर्पेडोची वंशावळ काढायला बसलं की ही सरळ विभागणी मोडते. कारण इंग्रजांचा टॉर्पेडो आधी सुरुंगच होता. आणि सुरुंग होण्याच्या कितीतरी शतकं आधी तो मासा होता.

लॅटिनमध्ये 'टोर्पेरे' म्हणजे बधिर होणं, ताठरून जाणं. ज्याला हात लावला की हात बधिर होतो तो मासा म्हणजे टोर्पेडो. हा पाखटांच्या गोतातला. अंग गोल आणि भाकरीसारखं चपटं, मागं जाडसर शेपूट. समुद्राच्या तळाशी अंगावर वाळू ओढून पडून राहतो. शिकारीमागं धावणं त्याच्या स्वभावात नाही. एखादा मासा बेसावध जवळून गेला की त्याच्यावर झेपावतो, त्याला अंगाखाली घेतो आणि विजेचा झटका देतो. मोठ्या जातींचा झटका 200 व्होल्टच्या घरात जातो. आज टॉर्पेडो म्हटल्यावर डोळ्यांपुढं लांब, निमुळतं, पाणी कापत सुसाट जाणारं काहीतरी येतं. मूळ धनी मात्र ना लांब, ना निमुळता, ना सुसाट. या शब्दाची सगळी गंमत मला इथंच दिसते.

आपल्या अरबी समुद्रातही या कुळातले मासे आहेत. कोल्हापूरला मासळी कोकणातून घाट चढून येते. हा मासा काही येत नाही, त्याला गिऱ्हाईक नाही. मालवणात एका रापणकाराला मी याबद्दल विचारलं होतं. जाळ्यात आला तर काय करता? त्यानं काठी उचलून हवेतच एक फटकारा मारून दाखवला. काठीनंच बाहेर ढकलायचा, ओला हात लावायचा नाही. एवढ्या खाणाखुणांत विषय संपला. त्याला माशाच्या नावापेक्षा बाजूच्या सुरमईच्या दराची काळजी होती, आणि ते बरोबरच होतं.

ग्रीक लोक या माशाला 'नार्के' म्हणत. नार्के म्हणजेही बधिरपणा. त्याच्याच पोटातून पुढं नार्कोटिक आलं आणि टीव्हीच्या कृपेनं आपल्या घराघरात पोचलेली 'नार्को टेस्ट' आली. प्लेटोनं लिहिलेल्या एका संवादात मेनो नावाचा तरुण सॉक्रेटिसला वैतागून म्हणतो, तू दिसायलाही आणि वागायलाही त्या चपट्या माशासारखा आहेस; तुझ्याशी बोलायला लागलं की माझं मन आणि तोंड दोन्ही बधिर होतं. सद्गुणाबद्दल हजार वेळा भाषणं ठोकलेल्या या माणसाला सद्गुण म्हणजे काय तेच सांगता येईना! सॉक्रेटिस त्यावर सांगतो, मासा स्वतः बधिर असून दुसऱ्याला बधिर करत असेल तर मी तसा आहे, नाहीतर नाही. कारण मी स्वतःच गोंधळलेला आहे. वादात समोरच्याला गप्प करून वर 'मलाही काही कळत नाही' म्हणणारे आमच्या मंगळवार पेठेतही आहेत. फक्त त्यांच्यावर कुणी संवाद लिहिलेला नाही.

रोमन लोक जास्त व्यवहारी. स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेला. त्याच्या औषधांच्या यादीत हा मासा आहे, आणि तोही जिवंत. जुनी डोकेदुखी असेल तर काळा टोर्पेडो दुखऱ्या जागेवर ठेवायचा, दुखणं थांबून जागा बधिर झाली की काढायचा. पायाला संधिवाताचा ठणका लागला असेल तर किनाऱ्यावर, जिथं लाट येऊन पाय भिजतात अशा ओल्या जागी जायचं, पायाखाली मासा घ्यायचा आणि गुडघ्यापर्यंत मुंग्या येईस्तोवर उभं राहायचं. वीज म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. गुण येतो हे ठाऊक होतं.

माझी आई गुडघ्यासाठी राजारामपुरीत फिजिओथेरपीला जाते. घरी आली की सांगते, "आज करंट लावून आलो." (कोल्हापुरातल्या बायका 'आलो'च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) तिथं गुडघ्याच्या दोन बाजूंना पट्ट्या चिकटवतात, खटका हळूहळू फिरवतात आणि सोसेल तेवढ्या झिणझिण्या सोडतात. त्या यंत्राला टेन्स म्हणतात. त्वचेवरून सौम्य वीज सोडून वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत जाताना अडवायचा, ही त्यामागची कल्पना. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानंतर तिनं जोर धरला. स्क्रिबोनियसची गोष्ट मी आईला सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "मग मासा परत समुद्रात सोडत होते का न्हाई?" याचं उत्तर त्या वैद्यानं दिलेलं नाही.

या माशाचा झटका म्हणजे वीजच, हे सिद्ध व्हायला 18 वं शतक उजाडावं लागलं. जॉन वॉल्श नावाचा इंग्रज 1772 मध्ये फ्रान्सच्या ला रोशेल बंदरात गेला. एकमेकांशी तारांनी आणि पाण्यानं जोडलेल्या माणसांची साखळी करून त्यानं दाखवलं की माशाच्या पाठीला आणि पोटाला साखळीची दोन टोकं जोडली की सगळ्यांना एकदम झटका बसतो. पुढच्याच वर्षी जॉन हंटर या शल्यवैद्यानं मासा उघडून पाहिला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मूत्रपिंडाच्या आकाराचा एकेक अवयव, आणि त्यात उभे खांबच खांब. एका माशाच्या एका अवयवात त्याला सुमारे 470 खांब मिळाले. प्रत्येक खांबात पातळ चकत्यांची चळत. या चकत्या म्हणजे रूप बदललेल्या स्नायूच्या पेशी. एकेकीची वीज किरकोळ; हजारो जणी एका क्षणी सुटल्या की समोरच्याला आडवं करतात.

काही जणांना तरीही पटेना. खाऱ्या पाण्यात बुडलेल्या प्राण्यात वीज साठेलच कशी, ती पाण्यात निघून नाही का जाणार, असा आक्षेप होता. तेव्हा हेन्री कॅव्हेंडिश या अबोल, माणूसघाण्या शास्त्रज्ञानं चामड्याचा खोटा टोर्पेडो शिवला, त्याला लेडन जार म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या जोडल्या, मिठाच्या पाण्यात बुडवला आणि पाहुण्यांना घरी बोलावून हात लावायला सांगितलं. एरवी कुणाशी न बोलणाऱ्या माणसानं बोलावून शॉक द्यावा, हा पाहुणचार मला फार आवडतो. आणि 1800 मध्ये व्होल्टानं धातूच्या चकत्यांची चळत रचून जगातली पहिली बॅटरी केली, तेव्हा तिला त्यानं स्वतःच 'कृत्रिम विद्युत अवयव' म्हटलं होतं. खिशातला मोबाइल ज्या सेलवर चालतो, त्याच्या घराण्यात हा वाळूत पडून राहणारा मासा असा येतो.

इथपर्यंत या शब्दात कुणाला ठार मारण्याचा बेत नव्हता. तो आला रॉबर्ट फुल्टनबरोबर. हा अमेरिकन, चित्रकार म्हणून सुरुवात केलेला, नंतर यंत्रांत रमलेला. शत्रूच्या जहाजाखाली पाण्यात दारूनं भरलेलं पिंप गुपचूप सोडायचं आणि ते घड्याळाच्या यंत्रानं फोडायचं, अशी त्याची युक्ती. 15 ऑक्टोबर 1805 रोजी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ त्यानं 'डोरोथिया' नावाचं रिकामं जहाज असं मधोमध फोडून दाखवलं. सहाच दिवसांनी ट्रफाल्गरची लढाई झाली, इंग्रज तोफा आणि शिडांच्या बळावर जिंकले, आणि फुल्टनच्या पिंपांची कुणाला गरज उरली नाही. पण या पिंपांना त्यानं दिलेलं नाव राहिलं: टॉर्पेडो. ते बरोबरही होतं. त्याचं यंत्र कुठं धावत नव्हतं. पाण्यात दडून राहायचं, आणि वेळ आली की झटका द्यायचा. माशाची खोड जशीच्या तशी.

अमेरिकेच्या यादवी युद्धात 5 ऑगस्ट 1864 रोजी मोबाइल नावाच्या उपसागरात ॲडमिरल फॅरागट "खड्ड्यात गेले टॉर्पेडो, चला पुढं" अशा अर्थाचं काहीतरी गरजला असं सांगतात. ते टॉर्पेडोही पाण्यात नांगरून ठेवलेले सुरुंगच होते. त्यांतल्या एकानं त्याच्या डोळ्यांसमोर 'टेकमसे' हे चिलखती जहाज काही मिनिटांत तळाला नेलं होतं. आजचा वाचक ते वाक्य वाचताना समोरून पाणी कापत येणारे टॉर्पेडो डोळ्यांपुढं आणतो. तसं तिथं काहीच येत नव्हतं. फॅरागटच त्यांच्या अंगावर चालला होता.

म्हणजे आमच्या पेपरवाल्यांचा सुरुंग आणि इंग्रजांचा टॉर्पेडो हे एका काळचे सख्खे शेजारी. त्यात आणखी एक गाठ आहे. सुरुंग हा शब्द आपल्याला अगदी मातीतला वाटतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुङ्गा' येते, भुयार या अर्थानं. आणि बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की ती ग्रीक 'सिरिंक्स' म्हणजे नळी, बासरी, भुयार, यावरून आली. डॉक्टरची सिरिंज त्याच घरातली. तेव्हा बालेकिल्ल्याला सुरुंग लावणारा आपला रांगडा वार्ताहर नकळत ग्रीक बोलत असतो, आणि युती टॉर्पेडो करणारा इंग्रज वार्ताहर लॅटिन.

सुरुंगाची एक वाईट सवय मात्र आपल्या इतिहासाला चांगली माहीत आहे. 1700 साली औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. तटाखाली सुरुंग भरले. पहिल्या स्फोटात किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसऱ्या स्फोटात तट आत पडायचा तो बाहेर कोसळला, तो थेट चढाईसाठी दबा धरलेल्या मोगली फौजेवर. असाच प्रकार 244 वर्षांनी तैवानच्या सामुद्रधुनीत झाला. 'टँग' या अमेरिकन पाणबुडीनं ऑक्टोबर 1944 मध्ये शेवटचा टॉर्पेडो सोडला. त्याचं सुकाणू बिघडलं, तो गोल वळून परत आला आणि तिलाच बुडवून गेला. नऊ जण वाचले.

हा धावणारा टॉर्पेडो मात्र फुल्टनचा नाही, रॉबर्ट व्हाइटहेडचा. हा इंग्रज इंजिनिअर ऑस्ट्रियाच्या फ्युमे बंदरात (आजचं क्रोएशियातलं रिएका) कारखाना चालवायचा. लुप्पिस नावाचा निवृत्त नौदल अधिकारी त्याच्याकडं एक खेळण्यासारखी नाव घेऊन आला. किनाऱ्यावरून दोरीनं हाकायची, पाण्यावरून शत्रूकडं जाणारी. व्हाइटहेडनं कल्पना घेतली, दोऱ्या टाकून दिल्या आणि यंत्र पाण्याखाली नेलं. दाबलेल्या हवेवर चालणारं इंजिन, पोलादी नळकांडं, पुढं दारू. 1866 मध्ये ते तयार झालं. सगळ्यात अवघड होतं ते पाण्याखाली एकाच खोलीवर ठेवून चालवणं. त्यासाठी त्यानं पाण्याच्या दाबावर हलणारी झडप आणि लंबक यांची जोडी बसवली आणि ती कळ इतकी जपली की तिचं नावच 'गुपित' पडलं. या यंत्राचं पहिलं नाव टॉर्पेडो नव्हतंच; त्याला 'सुरुंग-नौका' अशा अर्थाच्या जर्मन नावानं ओळखत. टॉर्पेडो हे नाव मागून चिकटलं, आणि चिकटलं ते कायमचं. जे पडून राहायचं ते सुटलं आणि धावायला लागलं. जुन्या, न हलणाऱ्या टॉर्पेडोंना मग दुसरं नाव शोधावं लागलं. इंग्रजीत ते 'माइन' झाले.

पुढची हकीकत युद्धांच्या पुस्तकांत भरपूर आहे. मला त्यातली एकच गोष्ट इथं सांगावीशी वाटते. टॉर्पेडो घेऊन पळणाऱ्या छोट्या नावा आल्या, म्हणून त्यांना मारायला 'टॉर्पेडो-नाव-विनाशक' जहाजं आली. लांबलचक नाव घासून नुसतं 'विनाशक' उरलं. आज आपल्या नौदलाच्या ज्या विनाशिकांची छायाचित्रं आपण अभिमानानं बघतो, त्यांच्या नावातून टॉर्पेडो असा गळून पडलेला आहे. आणि 9 डिसेंबर 1971 ची रात्र विसरता येत नाही. दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'च्या टॉर्पेडोनं आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले, आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले. तिथं शब्दाच्या गमती सुचत नाहीत.

व्हाइटहेडच्या नळकांड्यानं माशाचं काय केलं, तर त्याची आठवण पुसली आणि आकार तेवढा जगात सोडून दिला. मग जे म्हणून लांबट आणि निमुळतं, ते टॉर्पेडो. टोकदार सिगार टॉर्पेडो. लांबट पाव टॉर्पेडो. इटलीतला लांबट लाल कांदा टॉर्पेडो. 1908 च्या सुमाराला मोटारीच्या नाकापासून मागपर्यंत एकसलग रेघ आली, ती बांधणीही टॉर्पेडो. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना अशा उघड्या गाड्यांचं भारी वेड. प्रेस्टन टकर या अमेरिकनानं दुसऱ्या महायुद्धानंतर एक अजब मोटार काढली, तिचं नाव आधी टॉर्पेडो ठेवलं होतं. नुकत्याच संपलेल्या युद्धाची आठवण कशाला, म्हणून ते काढलं. गाड्या जेमतेम 51 निघाल्या.

पण कारागिरांच्या हातात हा शब्द गेला की मला जरा वेगळंच दिसतं. जर्मनीत 1903 मध्ये सायकलच्या मागच्या चाकासाठी 'टॉर्पेडो' नावाचा हब निघाला. त्याची करामत काय? पायडल उलटं मारलं की सायकल थांबते. अमेरिकन रेल्वेत रुळावर ठेवायच्या फटाक्याला टॉर्पेडो म्हणत. आपल्याकडं धुक्यात गँगमन जे ठेवतात तेच. त्याचं काम चालकाला सावध करून गाडी रोखणं. गवंडी आणि प्लंबर वापरतात ती वीतभर लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती लेव्हलही तिकडं टॉर्पेडोच. आपली पाणसळ. तिच्यातला बुडबुडा हलायचा थांबला तर काम झालं. आकारावरून नाव देणाऱ्यांच्या हे ध्यानीमनीही नसेल, पण थांबणं आणि थांबवणं ही या शब्दाची जुनी वृत्ती असल्या वस्तूंमधून अधूनमधून वर येते.

त्यातला सगळ्यात भारी नमुना मला शिरोलीत कळला. माझा चुलतभाऊ तिथल्या एमआयडीसीत एका फौंड्रीत आहे. कोल्हापूर म्हटलं की लोकांना तांबडा-पांढरा रस्सा आठवतो, पण या गावाचं पोट बऱ्याच अंशी ओतकामावर चालतं. उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडवणाऱ्या मिस्त्रींच्या पिढ्यांनी जे सुरू केलं, ते शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत पसरलं. फौंड्रीत सगळी धावपळ एकाच गोष्टीची. भट्टीतून मेटल लॅडलमध्ये आलं की ते साच्यात जाईपर्यंत कुणाला उसंत नाही. उशीर झाला तर मेटल थंड पडतं, साचा अर्धाच भरतो, कास्टिंग भंगारात. "मेटल थांबत नसतंय, दादा," हे भावाचं ठरलेलं वाक्य. लग्नाच्या पंगतीतही तो याच चालीवर जेवतो.

एकदा तो कर्नाटकात बेल्लारीकडच्या एका मोठ्या पोलाद कारखान्यात जाऊन आला. तिथं झोतभट्टीतून निघालेलं लोखंड पोलादाच्या भट्टीकडं नेतात ते आगगाडीनं. रुळावर एक लांब, दोन्हीकडं निमुळतं, प्रचंड पिंप. आतून उष्णतारोधक विटांचं अस्तर, वर छोटंसं तोंड. पोटात दोनशे-तीनशे टन वितळलेलं लोखंड. जागेवर पोचलं की पिंप स्वतःच्या आसाभोवती फिरतं आणि तोंडातून धार ओततं. त्याला तिथं सगळे नुसतं 'टॉर्पेडो' म्हणतात. भावाला त्याच्या आकाराचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते याचं की त्यात मेटल थांबतं. बंद आकार, जाड विटा, लहान तोंड, त्यामुळं उष्णता बाहेर पडत नाही आणि लोखंड कित्येक तास पातळ राहतं. पोलादाची भट्टी तयार नसेल तर टॉर्पेडो बाजूला उभे करून ठेवतात. आलेल्या दिवशी तो हेच सांगत होता. "उभा असतोय गप. वरून बघितलं तर कायबी कळत न्हाई. आत दीड हजार डिग्रीच्या आसपास चालू असतंय." वाळूत पडलेल्या माशाचं यापेक्षा नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही, आणि त्याला तो मासा माहीतसुद्धा नव्हता.

माझे मामा गडहिंग्लजकडचे. त्या बाजूला घरटी फौजी. मामा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीतून, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यासमोर टॉर्पेडोचा विषय काढला तेव्हा त्यांनी समुद्र मधे येऊच दिला नाही. त्यांचा टॉर्पेडो जमिनीवरचा: बंगलोर टॉर्पेडो. मद्रास सॅपर्सबरोबर बंगलोरला असलेल्या मॅक्लिंटॉक नावाच्या कॅप्टननं 1912 मध्ये काढलेली ही वस्तू. दारू भरलेल्या नळ्या एकीला एक जोडत तारेच्या कुंपणाखालून पुढं सरकवायच्या आणि उडवायच्या, म्हणजे मागून येणाऱ्या पायदळाला वाट मिळते. 1944 च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अमेरिकन सैनिकांनी तारा उडवल्या त्या याच बंगलोरच्या नळ्यांनी. दोन महायुद्धं पार करून ही नळी अजून फौजेत आहे.

"सगळ्यात पुढं गुळगुळीत टोपण लावायचं," मामांनी अंगणात झोपून दाखवलं. सत्तरी पार केलेला माणूस, धोतर सावरत, पालथा. "न्हाईतर तारेत अडकतंय. मग ढकल. आणि जोड. परत ढकल. डोकं वर काढायचं न्हाई. घाई केलीस तर तुझीच वाट लागली." मामी दारातून म्हणाल्या, "अहो, उठा आता, म्हैस बिथरली." मामा उठले नाहीत, नळी अजून पुरती सरकली नव्हती. फुल्टननंतर या शब्दाला इतका जागलेला मला दुसरा कुणी दिसला नाही. इथं वेगाचं काही कौतुक नाही. सरपटत जायचं, निपचित ठेवायचं, मागं यायचं, मग झटका.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींतही असाच एक टॉर्पेडो होता. यादवी युद्धातून आलेल्या रॉबर्ट्स नावाच्या कर्नलनं 1865 मध्ये विहिरीत दारूचं नळकांडं सोडून, वर पाणी ठेवून उडवलं, खडक फुटला आणि तेल वाढलं. आमच्याकडं काळ्या पाषाणात विहीर पाडताना बार उडवतात त्याचाच हा चुलता. रॉबर्ट्सनं पेटंट घेऊन दर असे लावले की लोक रात्री चोरून आपापले बार उडवायला लागले.

आणि फुटबॉल सोडून कोल्हापूरबद्दल लिहिलं तर शाहू स्टेडियमवरची मंडळी मला गावात राहू देणार नाहीत. मॉस्कोत टॉर्पेडो नावाचा क्लब आहे, मोटार कारखान्यातल्या कामगारांचा. त्यानं सोव्हिएत संघाचं विजेतेपद 1960, 1965 आणि 1976 मध्ये जिंकलं. त्याआधी त्याच्या नावात 'श्रमिकांची लोहारशाळा' होती. तिकडं संघांची नावं डायनॅमो, लोकोमोटिव्ह, ट्रॅक्टर, खाणकामगार अशी यंत्रांची आणि कष्टाची. आमच्याकडं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. नावं तालमींची आणि पेठांची. ज्या गावात इतक्या भट्ट्या पेटतात, तिथं एकाही संघाचं नाव कुपोला (लोखंड वितळवायची उभी भट्टी) असू नये, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. दिलबहारवाल्यांनी मनावर घेऊ नये.

हल्ली कोल्हापुरातल्या मत्स्यालयाच्या दुकानांत एक देखणा मासा मिळतो. रुपेरी अंग, डोळ्यापासून मागं गेलेली लाल रेघ, तिच्याखाली काळी, शेपटीवर पिवळ्या-काळ्या टिकल्या. दुकानदार त्याला 'मिस केरळा' म्हणतात किंवा 'टॉर्पेडो'. पूर्ण नाव रेडलाइन टॉर्पेडो बार्ब. नाव अर्थातच आकारावरून आणि पोहण्याच्या झपाट्यावरून. केरळ आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांतला हा रहिवासी, जगात दुसरीकडं कुठंही नाही. 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती मानली आणि तिचं नाव ठेवलं 'सह्याद्रिया'. माशावरून हत्यार झालं, हत्यारावरून मासा झाला, आणि त्या वळसा घालून आलेल्या नावापुढं सह्याद्री लागला. यात दुःखाची बाजूही आहे. शौकिनांसाठी बेसुमार पकडल्यानं तो धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. पकडणाऱ्यांच्या हाताला बिचारा झटका देत नाही.

रशियन लोकांनी या शब्दाचं जे केलं आहे, ते मात्र कुणालाच सुचलं नसतं. तिकडं दारू सोडवण्यासाठी शरीरात एक औषध सोडतात, सुईतून किंवा कातडीखाली. ते आत गप बसून असतं. दारू पोटात गेली की मळमळ, धडधड, जीव नकोसा होतो, निदान तसं होणार ही भीती तरी घातलेली असते. लोकांनी त्याला नाव दिलं: टॉर्पेडो. "नवऱ्याला टॉर्पेडो बसवला" असं तिकडच्या बायका म्हणतात. दडून राहायचं, शिवल्याशिवाय काही करायचं नाही, शिवलास तर मग बघ. नौदलांनी, मोटारवाल्यांनी, सिगारवाल्यांनी घालवलेला माशाचा गुण दारुड्यांच्या बायकांनी परत मिळवला, असं मी मामांना सांगितलं.

मामा तोवर उठून धोतर झटकत खाटेवर बसले होते. त्यांच्या गावात दारूबंदीसाठी बायकांनी मतदान घडवून आणलं होतं. महाराष्ट्रात या मतदानाला दोन चिन्हं असतात, दुकान राहू दे म्हणणाऱ्यांसाठी उभी बाटली आणि बंद करा म्हणणाऱ्यांसाठी आडवी. त्यांनी माझं रशियन पुराण ऐकून घेतलं आणि मामींकडं हात केला.

"हिनं बसवलाय की आमच्या गावात. आडवी बाटली बघितलीयास का कधी नीट? दोन्ही टोकं बघ तिची."

मामी म्हणाल्या, "सगळ्या गावात आम्ही तेवढ्याच आडव्या पाडल्या. तुमचा मित्र अजून उभाच हाय, पलीकडल्या गावात जाऊन पितोय."

आणि दोघं त्या मित्रावरून भांडायला लागले.